बिअरच्या किटच्या सामानात जिंजर बिअर करायची आहे : साखर किती, बाटली कुठली, थांबवायचं कधी?

अनगोळ_नाका

नमस्कार मंडळी. चुलतभावानं इंग्लंडहून बिअरचं किट आणलंय. त्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या घट्ट पाकाचा १.७ किलोचा डबा, यीस्टची पुडी, नळ बसवलेली मोठी प्लास्टिकची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप) आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मापायची काचेची नळी) आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे तो विषय सोडूनच दिलाय. पण सामान चांगलं आहे. त्यात जिंजर बिअर, म्हणजे आल्याचं फसफसणारं पेय करून गणपतीत घरी येणाऱ्यांना द्यावी असा विचार आहे.

हाताशी असलेली कृती अशी: ५ लिटर पाणी, २५० ग्रॅम आलं, ४०० ग्रॅम साखर, ६ लिंबं, अर्धा चमचा यीस्ट. सगळं बादलीत घालून एअरलॉक लावायचा, ३ दिवस ठेवायचं, मग काचेच्या बाटल्यांत भरून बुच लावून आठवडाभर बाहेरच ठेवायचं.

जाणकारांना विचारायचं ते असं. यात दारू किती तयार होते? बाटली फुटायचा धोका कितपत? हायड्रोमीटर बघून कधी थांबवायचं ते कळेल का? साखरेऐवजी गूळ चालेल का? आणि त्या माल्टच्या डब्याचं काय करू? पाणी नळाचं आहे, फ्रिज साधा २०० लिटरचा.

---

हिरण्यकेशी

दादा, ही कृती आहे तशी करू नका. ती बिनदारूची नाही आणि बाटल्यांसाठी धोक्याची आहे. दोन्हीचं कारण एकच आहे, ते आकड्यांत बघा.

यीस्ट साखर खातं तेव्हा १ ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल आणि अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नुसता बुडबुडा हवा, अल्कोहोल नको, असं यीस्टला सांगता येत नाही. दोन्ही जोडीनंच येतात. तुमच्या कृतीत लिटरमागे ८० ग्रॅम साखर आहे. यीस्टला वेळ मिळाला तर ती सगळी खाऊन ते साधारण ५ टक्के अल्कोहोल करेल, म्हणजे बाजारातल्या बिअरएवढं. बादलीत ३ दिवस आणि बाटलीत आठवडा हा वेळ त्याला भरपूर झाला.

आता बाटलीचं. १ लिटर पेयात १ लिटर वायू विरघळला की त्याला एक घनफळ म्हणतात, आणि ते साधारण २ ग्रॅम भरतं. बाजारातल्या कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन ते चार घनफळं असतात, बिअरमध्ये अडीचच्या आसपास. समजा ३ दिवसांत बादलीतली निम्म्याहून जास्त साखर संपली आणि लिटरमागे फक्त ३० ग्रॅम उरली. ती बाटलीत आंबली की १५ ग्रॅम वायू, म्हणजे साडेसात घनफळं. २५ अंशांना एवढ्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा नऊ पटींनी जास्त भरतो. वापरलेली काचेची बाटली तो सहन करत नाही. फुटली की काचेचे तुकडे खोलीभर उडतात, आणि फुटायच्या आधी बाहेरून काही कळत नाही.

मग बिनदारूची करायची तर हद्द कुठली? एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय ‘अल्कोहोलिक’ धरलंय. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ मध्ये तर ‘लिकर’ची व्याख्या याहूनही व्यापक आहे, त्यामुळे ०.५ च्या वर जायचा विचारच नको. लिटरमागे ८ ग्रॅम साखर आंबली की ४ ग्रॅम अल्कोहोल होतं, मापानं सुमारे ५ मिली. म्हणजे बरोबर ०.५ टक्के. आणि त्याच ८ ग्रॅममधून वायू मिळतो ४ ग्रॅम, म्हणजे दोन घनफळं.

हे दोन आकडे मिळून सगळा मामला ठरतो. ०.५ टक्क्याच्या आत राहायचं तर यीस्टकडून दोन घनफळांपेक्षा जास्त बुडबुडा मिळणार नाही. जिभेवर हलकी फसफस येईल, कोल्ड्रिंकसारखा नाकात जाणारा वायू येणार नाही. तो हवा असेल तर लिटरमागे १४ ग्रॅम साखर आंबवावी लागते आणि अल्कोहोल ०.८ च्या पुढे जातं. ‘भरपूर फेसाची, बिनदारूची’ म्हणून ज्या आंबवलेल्या कृती फिरतात, त्यांतल्या बहुतेक या हिशेबात बसत नाहीत.

त्यामुळे एअरलॉकचा इथे उपयोग नाही. एअरलॉक वायू बाहेर सोडतो आणि अल्कोहोल आत ठेवतो, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. बादली फक्त मिसळायला आणि नळानं बाटल्या भरायला वापरा. आंबवणं पहिल्या तासापासून बंद बाटलीतच व्हायला हवं.

---

मलप्रभा_काठ

हिरण्यकेशी अण्णांनी हिशेब मांडलाच आहे. मी कृतीचं सांगते, प्रमाण ५ लिटरचंच धरते.

आलं जून घ्या, रेषा असलेलं. कोवळ्यात पाणी जास्त, झणका कमी. २५० ग्रॅम आलं साल न काढता नीट घासून धुवा. १५० ग्रॅम किसून दीड लिटर पाण्यात घाला, उकळी यायच्या आधी आच बारीक करा आणि झाकून २० मिनिटं ठेवा. खळखळ उकळलं की आल्याचा तिखटपणा उतरतो, कारण त्यातलं जिंजरॉल उष्णतेनं बदलून झिंजरोन होतं आणि ते बरंच सौम्य असतं. उरलेलं १०० ग्रॅम मिक्सरमधून थोड्या पाण्यात फिरवून फडक्यानं पिळा आणि रस अर्धा तास भांड्यात स्थिर ठेवा. तळाशी पांढरा गाळ बसेल, तो आल्याचा स्टार्च आहे. वरचा रस अलगद ओतून घ्या, गाळ टाकून द्या. तो बाटलीत गेला तर पेय चिकट-गढूळ होतं आणि झाकण उघडताना फेस उसळतो, कारण वायूला बाहेर पडायला त्या कणांचा आधार मिळतो. हा कच्चा रस ८० अंशांच्या आसपासच्या गरम काढ्यात घालून ५ मिनिटं ठेवला की झणकाही राहतो आणि आल्यावरचे रानटी जंतूही बरेचसे मरतात.

तीच ४०० ग्रॅम साखर काढ्यातच विरघळवा, एक चिमूट मीठ घाला. उरलेलं साडेतीन लिटर पाणी आधी १० मिनिटं उकळून गार करून ठेवलेलं असावं. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. उकळल्यानं ते निघून जातं. नाही निघालं तर यीस्टवर परिणाम होतो आणि औषधी वासही येऊ शकतो. उकळण्याचा दुसराही फायदा आहे. पाण्यात आधीपासून विरघळलेला वायू जातो, म्हणजे अण्णांचा दोन घनफळांचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात लिंबाची आंबटाई मरते, मग एखाददुसरं लिंबू जास्त लागतं.

लिंबाचा रस १५० मिली, तोही गार झाल्यावर. हे फक्त चवीसाठी नाही. पेयाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) ४ च्या खाली असला की नको ते जंतू वाढत नाहीत. पीएचच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, एकदा बुडवून बघा, साधारण ३ च्या जवळ यायला हवा.

यीस्ट अर्धा चमचा फार होतं. ५ लिटरला पाव चमच्याचा अर्धा, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम पुरे. यीस्ट जास्त घातलं की काम घाईनं होतं आणि थांबवायची वेळ हातात राहत नाही. किटमधली पुडी एल यीस्टची (बिअरच्या एका प्रकारच्या यीस्टची) असेल, ती चालते आणि ब्रेडच्या यीस्टपेक्षा वास स्वच्छ येतो. एकदा फोडली की घट्ट दुमडून फ्रिजमध्ये ठेवा. ब्रेडचं इन्स्टंट यीस्टही चालतं, फक्त पावाचा वास किंचित येतो. यीस्ट अर्धी वाटी कोमट पाण्यात, ३० ते ३५ अंशांच्या, १५ मिनिटं भिजवायचं. काढा ३० अंशांच्या खाली आल्याशिवाय घालायचं नाही. गरम काढ्यात घातलं तर यीस्ट मरतं आणि दोन दिवसांनी ‘बुडबुडेच येत नाहीत’ अशी तक्रार होते.

मग बाटल्यांत भरा, वर दोन बोटं जागा ठेवा. श्रावण-भाद्रपदात बेळगावात घरातलं तापमान २२ ते २५ असतं, त्यात दीड-दोन दिवसांत होतं. एप्रिलमध्ये हेच १२ तासांत होतं, डिसेंबरात तीन दिवस लागतात. म्हणून घड्याळावर जायचं नाही, बाटलीवर जायचं. तयार झाली की ताबडतोब फ्रिजमध्ये, किमान २४ तास. थंड झाल्याशिवाय वायू पाण्यात नीट मुरत नाही.

---

उद्यमबाग_लेथ

बाटलीचं मी सांगतो.

काच नको, विषय संपला. कोल्ड्रिंकची पेट (PET प्लास्टिकची) बाटली घ्या, ६०० मिली किंवा सव्वा लिटरची. तिचं बूड पाच पायांचं असतंय, ते दाबासाठीच तसं केलेलं असतंय, आणि ती चार घनफळांच्या पेयासाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही, ती फुगते आणि बूड बाहेर येतं. ओरखडे पडलेली, उन्हात पिवळी झालेली, गरम पाण्यानं धुतलेली बाटली टाकून द्या. पेट ७० अंशांच्या आसपास मऊ पडतंय, उकळत्या पाण्यानं निर्जंतुक करायला गेलात की आकारच बदलतो. धुवायला कोमट पाणी, आणि काय घालायचंच असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचं (जंतू मारायच्या पावडरीचं) पातळ पाणी, मग नीट निथळून.

झाकण लावायच्या आधी बाटली दाबून वरची हवा काढा, पेय तोंडापर्यंत आलं की तसंच झाकण आवळा. बाटली चेपलेली दिसंल. वायू तयार झाला की ती आपोआप गोल होते. गोल झाली म्हणजे झालं असं नाही, तिथून सुरुवात. पुढं ती कडक व्हायला लागते. न उघडलेली कोल्ड्रिंकची बाटली शेजारी ठेवून दोन्ही दाबून बघा. आपली त्याहून थोडी मऊ पाहिजे. तेवढीच कडक झाली तर दोन घनफळांच्या पुढं गेली म्हणून समजा.

बोटाच्या अंदाजावर भरवसा नसेल तर एक मापाची बाटली करता येते. झाकणाला मध्ये भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा, नट आणि रबरी वायसर असलेला, ओढून बसवायचा नको. भोक ड्रिलनं, व्हॉल्व्हच्या मापाचं, कडा घासून साफ. हे झाकण एकाच बाटलीला लावायचं, त्याच घाण्यातलं पेय त्यात भरायचं आणि बाकीच्या बाटल्यांशेजारी ठेवायचं. टायरचं रबर खाण्यापिण्याचं नसतंय, म्हणून ती बाटली फक्त मापायला, शेवटी ओतून द्यायची. टायरचा गेज (हवेचा दाब पीएसआयमध्ये दाखवणारं मीटर) लावला की दाब कळला.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे इथली हवा थोडी हलकी. ते धरून दोन घनफळांना २० अंशांवर साधारण २० पीएसआय, २५ वर २५, ३० वर ३०. म्हणजे खोलीचं तापमान जेवढं, तेवढाच गेजचा आकडा. त्याच्या थोडं अलीकडंच, २५ अंशांना २० पीएसआयला वगैरे, सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये टाका, कारण थंड होईपर्यंत यीस्ट अजून काही तास काम करत असतंय. मापायच्या आधी बाटली एकदा हलवून मिनिटभर थांबा, नाहीतर आकडा खोटा येतो. आणि सुरुवातीला हवा काढलेली असली पाहिजे, नाहीतर त्या हवेचाच दाब गेजवर चढतो आणि तुम्हाला वाटतंय पेय तयार झालं.

घाट उतरून खाली कोकणात-गोव्यात राहणाऱ्यांनी यात एक पीएसआय कमी धरावा.

---

अनगोळ_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. हायड्रोमीटरचं अजून कुणी सांगितलं नाही. किटमध्ये आहेच, तर गेजऐवजी तोच वापरला तर? दुसरं, लिटरमागच्या ८० पैकी ८ ग्रॅमच आंबवायची, म्हणजे ७२ ग्रॅम साखर तशीच शिल्लक राहणार. फ्रिज बंद पडला तर? आमच्याकडे पावसात वीज तासन्‌तास जाते.

---

हिरण्यकेशी

हायड्रोमीटर बिअरसाठी उत्तम, या कामाला अपुरा. तुमच्या पेयाचं सुरुवातीचं वाचन १.०३२ च्या आसपास येईल. ०.५ टक्के अल्कोहोल होईपर्यंत ते फक्त ०.००४ नं उतरतं. बिअरच्या हायड्रोमीटरवर दोन रेघांमधलं अंतरच ०.००२ असतं, म्हणजे तुमचा सगळा खेळ दोन रेघांचा. त्यात तो २० अंशांवर मापलेला असतो. पेय ३० अंशांचं असेल तर वाचन तेवढ्यानंच ०.००२ हून जास्त कमी दिसतं. वर बुडबुडे काचेला चिकटून नळी उचलून धरतात, ती चूक उलट्या बाजूला. या तीन गोष्टींत खरं वाचन हरवून जातं. हायड्रोमीटरचा एकच उपयोग करा: यीस्ट घालायच्या आधी साखर बरोबर पडली का ते बघायला. पुढचं काम गेजचं.

विजेचा प्रश्न योग्य आहे. थंडीनं यीस्ट मरत नाही, नुसतं झोपतं. बाटल्या चार-पाच तासांत बाहेरच्या तापमानाला आल्या की पुन्हा काम सुरू. त्यामुळे गोड राहिलेली बाटली आठवड्याच्या आत संपवायची. वीज लांबली तर झाकणं किंचित सैल करून वायू सोडा. दाब उतरेल, पण अल्कोहोल उतरत नाही हे ध्यानात असू द्या. वायू सोडत-सोडत महिनाभर ठेवलेली जिंजर बिअर फुटणार नाही, पण ती बिनदारूचीही राहणार नाही. भरलेल्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायचा उपाय काही जण सुचवतात, तो करू नका. तापमान चढताना दाब काही पटींनी वाढतो आणि त्याच वेळी पेट मऊ होत असतं.

फ्रिजवर अजिबात अवलंबून राहायचं नसेल तर वेगळा मार्ग आहे: यीस्टला खायला मिळेल तेवढीच साखर घालायची आणि गोडी दुसऱ्या कशानं आणायची. ५ लिटरला ४० ग्रॅम साखर ही वरची हद्द. त्यातले ५ ग्रॅम आलं आणि लिंबातूनच येतात. वर थोडी सुरक्षित जागा ठेवून ३० ग्रॅम साखर घाला, वजनकाट्यावर मोजून. बाकी गोडी स्टेव्हिया किंवा सुक्रॅलोजनं, यीस्टला ती खाता येत नाही. ३-४ दिवसांत साखर संपते आणि काम आपोआप थांबतं. मग बाटली बाहेर राहिली तरी दाब वाढत नाही. स्टेव्हियाची पुडी घेताना मागची बाजू वाचा. बऱ्याच पुड्यांत भर म्हणून डेक्स्ट्रोज असतं, आणि डेक्स्ट्रोज म्हणजे यीस्टचं आवडतं खाणं. ते नसलेली घ्या. स्टेव्हियाचा मागून येणारा कडवटपणा आल्यात बराच झाकला जातो, पण काहींना जाणवतो. एक बाटली करून घरच्यांना आधी चाखायला द्या.

---

निपाणी_वेस

गुळाचं. चालतो, आणि आल्याशी जमतोही छान, पण साखरेच्या जागी तेवढाच गूळ असं करू नका. गुळात पाणी आणि इतर भाग असतो, म्हणून गोडीसाठी साखरेच्या सव्वापट लागतो. आंबण्याच्या हिशेबात मात्र त्यातली साखर वेगळी काढता येत नाही, दर गुऱ्हाळाला ती बदलते. त्यामुळे अण्णांच्या ३० ग्रॅमच्या मोजक्या पद्धतीत गूळ नको, साखरच वापरा. गेजच्या पद्धतीत गूळ बिनधास्त घाला.

गूळ काळसर, दाणेदार घ्या. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोसची (रंग उजळायच्या गंधकयुक्त रसायनाची) पावडर मारून केलेला असतो. त्यातला उरलेला गंधक यीस्टला मागे ओढतो आणि पेयाला काडेपेटीसारखा वास देतो. गूळ पाण्यात विरघळवून उकळी आणा, वर आलेली मळी काढा, चार पदरी फडक्यानं गाळा. रात्रभर ठेवला तर तळाशी बारीक चोथा बसतो, तोही सोडून द्या. गुऱ्हाळात रस निवळायला चुना घालतात, त्यामुळे गुळाच्या पेयाची आंबटाई कमी पडते. ५ लिटरला दोन लिंबं जास्त घाला आणि पीएचची पट्टी बघाच.

काही जण यीस्टऐवजी ‘जिंजर बग’ करतात: आलं-साखर रोज दोन-दोन चमचे बरणीतल्या पाण्यात घालत पाच-सात दिवस फसफसू द्यायचं. चवीला ते जास्त खोल असतं, कारण त्यात यीस्टबरोबर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात. इंग्लंडमधल्या जुन्या जिंजर बिअरमध्ये असाच एक दाणेदार विरजणाचा गोळा वापरत, आणि हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये दाखवून दिलं की तो यीस्ट आणि जिवाणू यांचा एकत्र संसार आहे. पण बगमध्ये नेमकं कुठलं यीस्ट, किती, ते ठरत नाही. पाहुण्यांना द्यायच्या पेयात एवढी अनिश्चितता नको. घरच्यापुरतं करायचं असेल तर जरूर करा, वर पांढरा-हिरवा केसाळ थर आला तर सगळं फेकून द्या.

---

मलप्रभा_काठ

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गणपतीत लहान मुलं येतात, बाळंतीण-गरोदर बायका येतात, उपवासवाले येतात, औषधं चालू असलेली वयस्क माणसं येतात. ०.५ च्या आत असली तरी आंबवलेली वस्तू न सांगता कुणाच्या हातात देऊ नये. आणि ५ लिटरमध्ये २५ पेलेच होतात. माझं मत असं की पाहुण्यांसाठी न आंबवता करा, आंबवलेली घरच्या मोठ्यांसाठी वेगळी ठेवा.

६० पेल्यांचं प्रमाण: अर्धा किलो जून आलं थोड्या पाण्यात वाटून पिळा, गाळ बसू द्या, वरचा रस साधारण ३०० मिली घ्या. १ किलो साखर ६०० मिली पाण्यात विरघळवून एक उकळी आणा, आच बंद करून त्यात आल्याचा रस घाला, झाकून गार करा. गार झाल्यावर १०-१२ लिंबांचा ३०० मिली रस आणि अर्धा चमचा मीठ. हा पाक १.८ लिटरच्या आसपास भरतो, फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. २०० मिलीच्या पेल्यात ३० मिली पाक आणि वर १७० मिली थंड सोडा. ७५० मिलीच्या १४ बाटल्या सोडा लागेल. ओळखीचा गोळी सोडावाला असेल तर त्याच्याकडून त्याच दिवशीचा घ्या, त्यात वायू चांगला कडक असतो. यात अल्कोहोल नाही, आणि यीस्टनं जो झणझणीत बुडबुडा कायद्याच्या आत राहून मिळत नाही तो इथे मिळतो.

पेल्यात पाक आधी, सोडा नंतर, तोही पेला तिरका धरून. उलट केलं तर जड पाक तळाशी बसतो, ढवळावं लागतं आणि ढवळताना निम्मा वायू उडून जातो.

---

अनगोळ_नाका

हे पटलं. पाहुण्यांना सोड्याची, घरच्यांना गेज लावून आंबवलेली. उद्यमबागेत व्हॉल्व्हचं झाकण करून घेतो. माल्टच्या डब्याचं तेवढं राहिलं.

---

हिरण्यकेशी

तो डबा जिंजर बिअरमध्ये घालू नका. हॉप्सचा कडवटपणा २३ लिटरच्या बिअरसाठी मोजून घातलेला असतो, आल्याशी तो भांडतो. शिवाय माल्टमधली बहुतेक साखर यीस्टला खाता येते, म्हणजे सगळा हिशेब मोडतो. घरी पाव भाजत असाल तर अर्धा किलो मैद्याला एक मोठा चमचा घाला, कवचाला रंग आणि खमंगपणा छान येतो. त्याहून जास्त घातलं तर पाव कडू लागतो. फोडलेला डबा बाहेर ठेवला तर वरच्या थराला ओल धरून बुरशी येते, काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. एवढं संपणार नसेल तर न फोडता भावाकडेच परत पाठवा. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती घरी बिअर करायला परवाना लागत नाही, तिथे तो कामाला येईल.

---

उद्यमबाग_लेथ

झाकण करून घेताना व्हॉल्व्हची आतली पिन नवीन घाला, जुनी हळूहळू गळते आणि दाब कमी दिसतो. बसवल्यावर बाटलीत नुसतं पाणी भरून सायकलच्या पंपानं ३० पीएसआय हवा भरा आणि बादलीत बुडवून बघा. बुडबुडा आला तर वायसर बदला. रात्रभर आकडा टिकला की मग पेय भरा. आणि किटच्या बादलीचा नळ प्रत्येक वेळी खोलून धुवा, आटे आणि वायसरच्या मध्ये साखरेचं पाणी अडकून राहतंय, पुढच्या घाण्याला आंबूस वास तिथूनच लागतो.